दोघांच्या सभेचा अध्यक्ष

बुधवार, दुपारी एक वाजून दहा मिनिटं. हिरडेश्वर धरणाच्या डाव्या अंगाची टेकडी, टेकडीवर दर्गा, दर्ग्यामागं वायरलेसचा मनोरा.

“म्हणजे बिघाड नाहीच, असं म्हणायचंय का तुम्हाला?”

केतकी हुपरीकरनं लॅपटॉप ओसरीच्या कट्ट्यावर ठेवला. जरा आपटूनच ठेवला.

दस्तगीर मास्तर चष्म्याची तुटकी दांडी दोऱ्यानं बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“मी कुठं म्हणतोय? तूच म्हणतेस. आल्यापासून चारदा म्हणालीस.”

ते खरं होतं. मनोऱ्यावर ती स्वतः चढून आली होती. अँटेना जागेवर होता, वायर शाबूत होती, वीज होती. आणि तरीही सकाळी दहाच्या चाचणीला खाली कुंभखळला भोंगा वाजला नव्हता.

चार वाजता धरणाचे दोन दरवाजे उघडायचे होते. तलाव काठोकाठ आलेला. शाखा अभियंत्यानं फोनवर सांगितलं होतं की, चारनंतर एक मिनिटही थांबता यायचं नाही. दरवाज्यापासून कुंभखळच्या फरशी पुलापर्यंत पाणी पोचायला पस्तीस मिनिटं लागतात. कुंभखळची शाळा सुटते साडेचारला. पलीकडच्या तीन वाड्यांची पोरं त्याच फरशीवरून घरी जातात.

पूर्वी दरवाजे उघडण्याआधी कोतवाल काठाकाठानं दवंडी देत जायचा. भोंगा आला, तेव्हा दवंडी बंद झाली. रीतसर पत्र काढून बंद केली. यंत्र बसवायला या राज्यात दोन वर्षं लागतात. माणूस काढायला एक पत्र पुरतं.

“मास्तर, माझ्याकडं तीन तास आहेत.”

“पावणेतीन,” मास्तर म्हणाले. “बस.”

ती बसली नाही.

दस्तगीर मास्तरांनी टेलिफोन खात्याच्या प्रशिक्षण केंद्रात सव्वीस वर्षं पोरं शिकवली. निवृत्तीनंतर बहिणीकडं म्हणून या टेकडीवर आले ते इथलेच झाले. केतकी त्यांची सहा वर्षांपूर्वीची विद्यार्थिनी. शेवटच्या परीक्षेत तिला पैकीच्या पैकी गुण होते. ते गुण ती अजून विसरली नव्हती आणि दुसऱ्याला विसरू देत नव्हती. आता ती धरणाच्या इशारा यंत्रणेवर कंत्राटी नेटवर्क इंजिनिअर होती.

“हे बघा.” तिनं पडदा त्यांच्याकडं फिरवला. “धरणाच्या कंट्रोल रूममध्ये एक राउटर. अकरा किलोमीटरवर कुंभखळला दुसरा. त्याच्या मागं भोंगा. मधे हा मनोरा. दोन्ही राउटर दर दहा सेकंदांनी एकमेकांना नमस्कार घालतात. घालतायत. एकमेकांना पूर्ण ओळखतात. इथं लिहून येतंय, पूर्ण. हिरवा दिवा आहे.”

“आहे.”

“या राउटरवरून त्याला हाक मारली, तर ओ येते.”

“येते.”

“मग भोंग्याचा निरोप का पोचत नाही?”

“पोचत नाही कारण वाट नाही.”

“अहो, वाट आहे! हिरवी आहे!”

मास्तरांनी दोऱ्याला गाठ मारली, दातानं तोडला आणि चष्मा डोळ्यांवर चढवला. मग पडद्याकडं न बघता तिच्याकडं बघितलं.

“भोंग्यापर्यंतची वाट कुठल्या ओळीत दिसते?”

केतकीनं यादी खालपर्यंत सरकवली. ती ओळ नव्हतीच. राउटरच्या वाटांच्या यादीत भोंग्याचा पत्ता नव्हता. हे तिनं सकाळीच बघितलं होतं आणि खालच्या टोकाच्या माथी मारलं होतं. खालचा राउटर बसवणारा ठेकेदाराचा माणूस होता, आयटीआय झालेला. त्यानं काहीतरी घोळ घातला असणार. दुसरं काय?

“माझी बाजू बरोबर आहे,” ती म्हणाली. “मुख्यालयाची टेम्प्लेट आहे ती, तयार नमुना. सगळ्या जिल्ह्यांत तीच चालते. शब्दाला शब्द लावलाय.”

“मग सभा घेऊ,” मास्तर म्हणाले.

“काय?”

“सभा. तू आहेस, मी आहे. सतरंजी आहे.” त्यांनी भिंतीशी गुंडाळलेली सतरंजी ओढून उलगडली. “बस. अध्यक्ष निवडायचा.”

“मास्तर...”

“सभेला अध्यक्ष नको?”

“आपण दोघंच आहोत!”

“आत्ता दोघं आहोत. आणखी कोणी आलं तर? थांबायचं. चाळीस सेकंद.”

त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून सतरंजीच्या मधोमध ठेवलं आणि मांडी घालून टेकडीच्या पायऱ्यांकडं बघत बसले.

पायऱ्यांवर एक कुत्रं झोपलेलं होतं. बाकी कोणी नव्हतं. कोणी येणारही नव्हतं. केतकीच्या मनात आलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. खाली पोरांच्या जिवाशी गाठ आणि हे इथं भातुकली मांडून बसलेत.

दहा सेकंद... वीस...

“मास्तर, मी जाते.”

“सभा भरायची आहे. मधून उठता येत नाही.”

तीस... चाळीस.

“कोणी आलं नाही,” मास्तर गंभीरपणे म्हणाले. “सबब वयानं मोठा म्हणून मी अध्यक्ष. आता बोल. अध्यक्षांना उद्देशून बोल.”

“मी तुमच्याशीच बोलतेय की! मघापासून!”

“माझ्याशी नाही. सभेशी.”

“कुठली सभा?” तिचा आवाज चढला. “इथं तुम्ही आहात आणि मी आहे. एका टोकाला तुम्ही, दुसऱ्या टोकाला मी. तिसरं कुत्रं!”

कुत्र्यानं एक डोळा उघडून मिटला.

आतून जैतूनबी चहा घेऊन आल्या. मास्तरांची धाकटी बहीण. दर्ग्यासमोर फुलं आणि चादरी विकायच्या, सातवीपर्यंत शिकलेल्या, आणि रोजचं वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचायच्या.

“काय ओरडायलीस गं? कबरीतले बाबा जागे व्हतील.”

“विचारा तुमच्या भावाला!”

“त्याला काय इचारायचं. त्यो असाच. पंगतीत एकटा जेवायला बसला तरी वाढप्याला हाक मारतोय.” त्यांनी कप ठेवले. “साखर कमी हाय. संपलीया.”

मास्तरांनी भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरची दोन पानं फाडली. पाठची कोरी बाजू वर केली. एक केतकीपुढं सरकवलं.

“तू कुठं, कुणाजवळ बसलीस ते लिही. खरं लिही.”

“मास्तर, दोन वाजायला आलेत.”

“म्हणून तर. एका ओळीत लिही.”

तिनं पेन जवळजवळ कागदात खुपसलं. ‘मी दस्तगीर मास्तरांच्या समोर बसले आहे. आम्ही दोघंच आहोत.’

मास्तरांनी सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं. ‘मी ओसरीवरच्या सभेत बसलो आहे. अध्यक्ष, मीच. केतकी हुपरीकर सभेला हजर.’

दोन्ही कागद त्यांनी जैतूनबींच्या हातात दिले.

“हे बघ. समज, तू परगावची आहेस. आम्हाला तू कधी बघितलेलं नाहीस. हे दोन कागद तेवढे तुझ्यापाशी आलेत. आता माझ्याकडून पोरीपर्यंत एक निरोप न्यायचाय. वाट सांग.”

जैतूनबींनी आधी एक कागद वाचला, मग दुसरा. मग पुन्हा पहिला.

“हे काय लिवलंय? ह्यात म्हंत्यात, पोरगी सभेत हाजर. पोरीच्या कागदात सभेचं नावच न्हाई.”

“बरं.”

“खोटं कोण बोलतंय?”

“कोणी नाही. दोघं आपापलं खरं सांगतायत.”

“मग जमंना. तुझ्याकडनं निघालं की सभेत याचं. सभेतनं पोरीकडं जायाचं, तर पोरगी म्हंती मी कुठल्या सभेत न्हाईच. पोरीकडनं उलट यावं, तर तू म्हंतोस मी सभेत बसलोय, सुटा कुणाला भेटत न्हाई.” त्यांनी कागद खाली ठेवले. “वाटच न्हाई. म्या निरोप घेत न्हाई कुणाचा.”

“पण आम्ही तुझ्या डोळ्यांदेखत बोलत बसलोय की!”

“बसा की बोलत. कागदाला काय त्याचं?”

केतकीच्या हातातला कप तोंडापर्यंत गेला नाही.

चाळीस सेकंद.

अध्यक्ष निवडण्याआधी चाळीस सेकंद थांबायचं. हे तिला पाठ होतं. सहा वर्षांपूर्वी याच माणसानं फळ्यावर लिहून दिलं होतं आणि तिनं तसंच्या तसं उतरवून पैकीच्या पैकी मिळवले होते. राउटरच्या प्रत्येक तोंडाला सांगावं लागतं, बाबा रे, तुझ्यासमोर काय आहे. एका तारेवर बसलेला पंधरा-वीस जणांचा मेळा, की समोरासमोर फक्त दोघं. मेळा असेल, तर अध्यक्ष निवडायचा, हजेरी त्याच्या नावानं लावायची. दोघं असतील, तर अध्यक्ष नाही, हजेरी नाही. मी आणि तू. पहिल्याला ब्रॉडकास्ट म्हणतात, दुसऱ्याला पॉइंट-टू-पॉइंट. नमस्कार दोन्हींत सारखेच, दहा-दहा सेकंदांनी. त्यामुळं एका टोकाला एक प्रकार लावला आणि दुसऱ्या टोकाला दुसरा, तरी ओळख होते. पुरती होते. दिवाही हिरवा लागतो. फक्त दोघांनी आपापल्या जागेचे लिहून दिलेले कागद जुळत नाहीत, आणि त्या कागदांवरून वाट काढणाऱ्याला वाट सापडत नाही.

तिनं लॅपटॉप ओढला. मनोऱ्याच्या पेटीतून आणलेली वायर अजून जोडलेलीच होती. कुंभखळच्या टोकाला आधी पाहिलं.

पॉइंट-टू-पॉइंट.

आयटीआयवाल्या पोरानं समोर बघितलं होतं. समोर एकच राउटर दिसला, त्यानं तसं लिहिलं. बस्स.

मग धरणाचं टोक. तिचं स्वतःचं.

टेम्प्लेटमध्ये ती ओळच नव्हती. ओळ नसली की राउटर आपल्या मनानं समजतो, आपण सभेत बसलोय. मुख्यालयात एका खोलीत अठरा राउटर आहेत. तिथं ते बरोबरच आहे. तिथं लिहिलेली टेम्प्लेट अकरा किलोमीटरच्या दोघांच्या दुव्याला डकवली, ती केतकी हुपरीकरनं. शब्दाला शब्द लावून.

“सभा माझ्या टोकाला आहे,” ती म्हणाली.

मास्तर चहा पीत होते.

“एक ओळ आहे, मास्तर. एक ओळ!”

“मग?”

मग तिनं मुख्यालयाला फोन लावला, कारण कंत्राटात लिहिलं होतं की, टेम्प्लेटला परवानगीशिवाय हात लावणाऱ्याचं कंत्राट त्याच दिवशी संपतं. नेटवर्क विभागाचे सबनीस साहेब तिसऱ्यांदा लावल्यावर मिळाले. मागं कपबश्यांचा आवाज येत होता.

“दिवा हिरवा आहे ना?”

“आहे सर, पण...”

“मग हात लावू नका.”

“सर, भोंगा वाजत नाही.”

“भोंगा आमच्याकडं येत नाही, यांत्रिकी विभागाकडं येतो. आमच्याकडं दुवा येतो. दुवा हिरवा आहे.”

“एका टोकाचा नेटवर्क टाइप बदलायचाय, सर. एकच ओळ.”

“अहो, टेम्प्लेट सगळ्या जिल्ह्यांना एक आहे. तुम्ही एक ओळ बदलणार, उद्या दुसरा दोन बदलणार. बदल समिती कशाला आहे मग? शुक्रवारी बैठक आहे, त्यात ठेवू.”

“सर, पाणी आज चार वाजता येतंय.”

पलीकडं कप बशीवर टेकला.

“तसा अर्ज करा,” सबनीस साहेब म्हणाले. “तातडीचा म्हणून करा.”

फोन बंद झाला.

केतकी फोनकडं बघत राहिली. दोन वाजून बावीस मिनिटं झाली होती. घरी वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन तोंडावर होतं, आणि कंत्राटाला अजून सात महिने होते. होते, म्हणजे आत्तापर्यंत होते.

“सभेला विचारलंस?” मास्तर म्हणाले.

“विचारलं.”

“काय म्हणते?”

“शुक्रवारी बसणार.”

“आणि पाणी?”

एवढा राग तिला मास्तरांचाही आला नव्हता, सबनीसांचाही नाही. तो कुणाचा होता, ते तिला कळत होतं, आणि तेच सहन होत नव्हतं.

“तुम्ही सरळ सांगू शकत होतात,” ती म्हणाली. “आल्या आल्या. टाइप जुळत नाहीत, बदल. एवढंच. एक तास वाचला असता.”

“मनोऱ्यावरून उतरलीस, तेव्हा मी काय म्हणालो?”

तिला आठवेना.

“म्हणालो, दोन्ही टोकं बघ. तू म्हणालीस, माझं टोक बघायची गरज नाही.”

जैतूनबी फिस्सकन हसल्या आणि रिकामे कप घेऊन आत गेल्या.

केतकीनं ती ओळ टाइप केली. बोट बटणावर ठेवलं... आणि दाबलं.

पडदा लाल झाला.

लगेच फोन वाजला. कंट्रोल रूमचा ऑपरेटर. यंत्रणा सुरू होऊन एकोणीस दिवस झाले होते, आणि त्यानं केलेला हा पहिला फोन. सकाळी भोंगा वाजला नाही तेव्हाही त्यानं फोन केला नव्हता. तो केतकीनं केला होता.

“मॅडम, लाल झालं! मॅडम, लाल दिसतंय इथं! वर कळवू का?”

“दहा सेकंद थांबा.”

“पण लाल...”

“थांबा म्हणाले ना!”

दिवा हिरवा झाला. मघाशी होता तसाच, रतीभर फरक नाही. पण या खेपेला तिनं दिव्याकडं पाहिलंच नाही. वाटांची यादी उघडली. सगळ्यात खाली एक नवी ओळ आली होती. भोंग्याचा पत्ता.

“आता भोंग्याचं बटण दाबा,” ती ऑपरेटरला म्हणाली. “चाचणी म्हणून.”

“दाबलं, मॅडम.”

टेकडीवर काही ऐकू आलं नाही. अकरा किलोमीटर म्हणजे अकरा किलोमीटर. केतकी ओसरीच्या कडेला जाऊन उभी राहिली, नदीच्या वळणाकडं तोंड करून. जणू डोळ्यांनी ऐकू येणार होतं. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. कुंभखळच्या फरशीवरच्या राखणदाराला, रंगराव मानेला, फोन लागत नव्हता. तिथं रेंज येते-जाते. मास्तर सतरंजी गुंडाळत होते.

मग त्याचाच फोन आला. तिनं घाईत स्पीकरवर टाकला. आधी काही कळेना. नुसती एक लांबलचक किंकाळी, आणि तिच्या वर ओरडणारा माणूस.

“मॅडम! वाजतंय! बंद कसं करायचं हे? म्हशी उधळल्या की सगळ्या!”

केतकी कट्ट्यावर बसली. हसू आणि रडू एकदमच आलं, आणि दोन्ही तिनं ओढणीनं पुसलं.

“करतील बंद, रंगराव. चाचणी आहे. आता चारला खरा वाजेल, तेव्हा पुलाला आडवी साखळी टाकायची. शाळेत सांगून ठेवा, फरशीवरून कोणी...”

“सांगतो की! पळतच जातो. आता ऐकू येतंय म्हटल्यावर काय! बरं झालं चालू केलंत मॅडम. फीत कापली त्या दिवशी साहेबांनी इथंच बटण दाबून वाजवला होता, त्यानंतर हे आजच.”

केतकीनं कपाळावर आठी घातली.

“आजच कसं? बारा तारखेला दरवाजे उघडले होते ना?”

“उघडले की.”

“मग तेव्हा?”

“तेव्हा कुठला भोंगा? बायका धुणं टाकून पळाल्या. तानूबाईचा पाय मोडला खडकात, अजून पलस्तरात हाय. आम्ही म्हटलं, अजून जोडला नसंल. ठेवतो मॅडम, म्हशी...”

फोन तुटला.



केतकीनं लॅपटॉप मांडीवर घेतला आणि धरणाचं रोजचं रजिस्टर उघडलं. हल्ली ते संगणकावरच भरतात. बारा तारीख. बोट ओळीवरून सरकत गेलं. दरवाजे, दोन, पावणेअकरा वाजता. विसर्ग, नियमानुसार. भोंगा, वाजला. खात्री, केली. खाली सह्या. ऑपरेटर. शाखा अभियंता.

तिसऱ्या सहीवर बोट थांबलं. नेटवर्क विभागासाठी, के. हुपरीकर.

तिनं पडदा मिटायला हात लावला. पण मास्तर तिच्या खांद्यामागं उभे होते. दोऱ्यानं बांधलेल्या चष्म्यातून त्यांनी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. सावकाश.

“मास्तर, दिवा हिरवा होता,” ती म्हणाली. “मी दिवा बघून...”

मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“सह्या तीन आहेत, पोरी. कान किती होते?”